जपानचा घरजावई

लिमये बाई आपली कॅसेट कुणाला देत नसत. ज्याला हवी त्याच्याकडे त्या कॅसेट घेऊन स्वतः जात, समोर बसून ती दाखवत आणि परत घेऊन येत. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचा जपानी भाषेचा वर्ग भरायचा आणि त्या खोलीच्या दारावर पाटी होती, ‘चित्रफिती घरी मिळणार नाहीत. विचारू नये.’ खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ‘वरील सूचना वाचल्यानंतरही विचारू नये.’ मी विचारलं, कारण माझा नाइलाज होता. मी नुकतीच ज्या कंपनीत संगणकासमोर बसायला लागले होते तिला जपानचं काम मिळालं होतं आणि मोडकंतोडकं का होईना, जपानी वाचू शकणारी माणसं त्यांना हवी होती. वर्षभर तिकडे जाल का, सोमवारी सांगा, असं साहेबांनी विचारलं होतं. मी घरी येऊन बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "पाहू." आमच्या घरात ‘पाहू’ म्हटलेली गोष्ट नंतर कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

बाबांचा ऐकण्यावर विश्वास नव्हता, पाहण्यावर होता. हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर वीस वर्षं काढल्यामुळे त्यांना कमीच ऐकू यायचं, हेही एक कारण असेल. जपान म्हणजे काय, तिथली घरं कशी, माणसं कशी, हे एकदा त्यांच्या डोळ्यांना दिसलं की ते ‘जा’ म्हणतील असा माझा हिशेब होता. म्हणून मी बाईंना म्हटलं, घरी दाखवण्यासारखा एखादा कौटुंबिक सिनेमा द्या. बाई म्हणाल्या, "देणार नाही. घेऊन येईन. रविवारी दुपारी तीन वाजता. चहा बिनसाखरेचा." मी पुन्हा विचारलं, "बाई, कौटुंबिक आहे ना?" त्या म्हणाल्या, "कुटुंब आहे त्यात." एवढ्यावर मी खूश होऊन बस पकडली. आज माझी मुलगी कुठलाही सिनेमा लावण्याआधी फोनवर त्याची संपूर्ण जन्मपत्रिका वाचते, तेव्हा मला तिचा हेवा वाटतो.

आमच्याकडे टीव्ही होता, पण कॅसेट लावायचं यंत्र नव्हतं. ते आबांकडे होतं. आबा आमचे घरमालक. आम्ही त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. हडपसर गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घराणं. त्यांच्या उसाच्या जागी एका कंपनीची काचेची इमारत उभी राहिली तेव्हा त्यांनी मोठा टीव्ही, कॅसेटचं यंत्र आणि एक सोफा अशा तीन वस्तू एकाच दिवशी आणल्या. सोफ्याचं प्लॅस्टिक काही काढलं नव्हतं. कुणी जरा हलला की ते असं चुरचुरायचं, की बातम्यांतला अर्धा देश आम्हाला कळायचा नाही. आबा त्यावर कधीच बसत नसत, खाली घोंगडीवर बसून सोफ्याला पाठ टेकत. शेती गेली होती, पण नजर शेतकऱ्याचीच राहिली होती. टीव्हीवर नायक-नायिका गात असल्या तरी आबांचं लक्ष मागच्या पिकाकडे असायचं.

आम्ही मुळात वर्ध्याकडचे. मी तीन वर्षांची असताना बाबा पुण्याला आले आणि मागून आई मला घेऊन आली. बाबांचं बोलणं कारखान्यात थोडं घासलं गेलं, आईचं अजिबात बदललं नाही. मी मात्र शाळेत गेल्यापासून ‘मला’, ‘तुला’, ‘कशाला’ असं पुस्तकातलं बोलायचे, आणि आई भाजीवालीशी ‘मले’ म्हणाली की माझ्या अंगावर काटा यायचा. पुण्यातल्या बायका आईला म्हणायच्या, "किती गोड बोलता हो तुम्ही." आई हसायची आणि घरी येऊन गप्प कणीक मळायची. त्या रविवारी तिनं सकाळपासून सांबारवड्यांचा घाट घातला होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती खसखस-खोबऱ्यात परतून मैद्याच्या पुडीत भरायची आणि तळायची. तळणीचा चर्र आवाज आणि आबांच्या सोफ्याची चुरचुर, त्या दिवसाचे मला आठवणारे आवाज हे एवढेच. बाई बरोबर तीनला आल्या, दोन बस बदलून, कॅसेट कापडी पिशवीत, पिशवी छातीशी धरलेली. सोफ्यावर बसल्या, त्यानं आवाज केला, तेव्हा त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हे काढलं तरी चालतं."

सिनेमात खाली इंग्रजी अक्षरं नव्हती. ही गोष्ट बाईंनी मला आबांच्या हॉलमध्ये, यंत्रात कॅसेट गेल्यावर सांगितली. "तुम्ही आहात की," त्या म्हणाल्या. "आपण सांगा सगळ्यांना. सरावही होईल." मी ताठ बसले. बाबा कान माझ्याकडे करून, आई दाराशी परात घेऊन, आबा घोंगडीवर. पहिल्या पाच मिनिटांत भात, डोंगर, कागदाची दारं, एकमेकांपुढे वाकणारी माणसं असं सगळं छान चाललं होतं. मग एका खेड्यातल्या बसमधून एक उंच, पिवळ्या केसांचा गोरा माणूस उतरला. तो तिथल्या एका घरच्या मुलीशी लग्न करून सासऱ्याच्या घरी राहायला आला होता. तीस वर्षं त्या गावात राहूनही गाव त्याला आपलं म्हणत नाही, अशी ती गोष्ट होती. परक्या माणसाचं जपानमध्ये काय होतं ते बाबांना दाखवण्यासाठी मी स्वतः दोन बस पलीकडून बाईंना बोलावून आणलं होतं.

पहिल्याच प्रसंगात सासरा तोंड वाकडं करून बराच वेळ बोलला. तो म्हणत होता, राहा, पण दारावरच्या पाटीवर तुझं नाव लागणार नाही. बाबांनी विचारलं, "काय म्हणते तो बुढा?"

मी म्हटलं, "हे घर तुमचंच समजा, असं म्हणतात."

"मंग तोंड काहून असं केलं त्यानं?"

"जपानी लोक आनंद दाखवत नाहीत, बाबा."

सोफा चुरचुरला. बाईंना खोकल्याची उबळ आली होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. एकदा खोटं बोलल्यावर पुढचं आपोआप येतं हे मला त्या दिवशी कळलं. शेजारणी त्याला बघून दार लावून घेत, मी सांगितलं की थंडी फार असते. सभेत त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवत, मी सांगितलं की मानाच्या माणसाला ऐसपैस बसू देतात. बाबा खूश होत चालले होते. त्यांना एकच गोष्ट खटकत होती. "बाकी समदं ठीक हाय," ते म्हणाले, "पण मानूस घरजावई काहून झाला? बायकोच्या घरी राहाले गेला तं मान कुठून भेटन? जपान असो का वर्धा." आबांचं लक्ष शेताकडे होतं. "रोपं लई दाट लावल्यात," ते म्हणाले. "आन त्यो गोरा गडी, त्याला काय बी कळत न्हाय. पाण्यात उभा ऱ्हायलाय नुसता."

जेवणाचे प्रसंग आले की मला हायसं वाटायचं, कारण तिथे खोटं बोलावं लागत नव्हतं. गोरा माणूस काड्यांनी भात खायचा आणि समोरचा पाहुणा म्हणायचा, वा, तुम्ही काड्यांनी किती छान खाता. हे मी जसंच्या तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "पाह्य बरं. वीस वर्षांत आमच्या सुपरवायजरनं एक शब्द चांगला नाही बोलला." पुढच्या प्रसंगात गोऱ्याच्या कानाशी केस पांढरे झाले होते, त्याची मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि पोस्टमन त्याला म्हणाला, तुम्ही काड्यांनी किती छान खाता. मीही तेच सांगितलं. असं चार-पाच वेळा झालं. दर वेळी बाबा मान डोलवत आणि दर वेळी आईचा हात परातीत थोडा वेळ थांबे. मी ते बघितलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला मला सवड नव्हती. कारण तेवढ्यात त्याची मुलगी रस्त्यानं निघाली, बाप मागून, मुलगी त्याच्या दहा पावलं पुढे, मागे वळूनही न बघता, आणि बाबांनी विचारलं, "हे पोट्टी बापाले सोडून काहून पळून राहिली?"

"शाळेची घाई, बाबा. तिकडे एक मिनिट उशीर चालत नाही."

"शिस्त हाय," बाबा म्हणाले.

आणि वीज गेली. आमच्या भागात वीज जाण्याचं मी आयुष्यात एवढं स्वागत कधी केलं नव्हतं. आईनं वड्या आणि चहा आणला. लिमये बाईंनी एक वडी खाल्ली, दुसरी घेतली आणि माझ्याकडे वळून स्वच्छ जपानीत एक वाक्य म्हणाल्या. त्याचा अर्थ होता, तुमचा चित्रपट माझ्या चित्रपटापेक्षा चांगला आहे. माझे कान तापले.

"काय म्हनल्या मॅडम?" बाबांनी विचारलं.

"वडी छान झाली म्हणाल्या."

आई म्हणाली, "मंग मराठीत काहून नाही सांगतलं? मराठी तं येते त्यायले." यावर बाईंनी तिसरी वडी घेतली.

वीज आली ती नको तेव्हा आली, आणि शेवटचा भाग सुरू झाला. त्या गावात देवाची मोठी पालखी होती. तरुण मंडळी ती खांद्यावर घेऊन ओरडत नाचत. गोरा माणूस सबंध सिनेमाभर दर वर्षी विचारी, या वर्षी मी खांदा देऊ का? दर वर्षी गावकरी वाकून त्याला म्हणत, आपण खुर्चीत बसा, आपण आमचे पाहुणे. शेवटी गावातली पोरं शहरात नोकरीला गेली, पालखी उचलायला माणसं उरली नाहीत, तर गावानं शहरातून कॉलेजची मुलं आणली, पण त्याला नाही सांगितलं. म्हातारा गोरा खुर्चीत हातात पंखा घेऊन बसलेला आणि पालखी त्याच्यासमोरून जाते, असा शेवट. मी म्हटलं, "बघा बाबा, म्हातारपणी किती मान. खुर्ची दिलीये, पंखा दिलाय." पडद्यावर तो माणूस रडत होता. "आनंदानं," मी म्हटलं. "आनंद दाखवत नाहीत म्हनली होती न तू?" बाबा म्हणाले.

कॅसेट थांबली. पहिले बोलले ते आबा. डोळ्यांना पंचा लावून ते म्हणाले, "गावाचं बरोबर हाय. खांद्याचा मान घराण्याचा असतोय, कुणालाबी देत न्हाईत. आमच्या जत्रंत दुसऱ्या भावकीच्यालाबी शिवू देत न्हाय." मग म्हणाले, "पर त्या गड्याचं वाईट वाटलं. परवा माझ्याच रानात त्या काचंच्या बिल्डिंगपाशी ग्येलो, तर गेटवरला पोरगा मला म्हन्तो, बाबा, पास हाय का? कुठनं आलात?" भाषा एकही अक्षर कळत नसलेल्या आबांना, मी एवढी मेहनत करूनसुद्धा, सिनेमा बरोबर कळला होता.

बाबा आबांकडे, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. मग ते लिमये बाईंकडे वळले. "मॅडम, तुमी सांगा. पोट्टी बरोबर सांगून राहिली होती न?"

मी बाईंकडे बघितलं. एवढी दयेची याचना मी त्यानंतर कुणाकडे केलेली नाही, बाळंतपणातसुद्धा. बाईंनी कॅसेट पिशवीत घातली, पिशवीची नाडी बांधली आणि म्हणाल्या, "भाषांतर एकदाही अडखळलं नाही. वाक्य एकच बरोबर होतं. काड्यांचं." मग त्यांनी सबंध सिनेमा सात-आठ वाक्यांत खरा सांगितला. पाटी, दारं, रिकामी जागा, खुर्ची. त्या इतकं नेमकं बोलल्या की त्यात मला लपायला कुठे जागाच उरली नाही.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जे पोट्टी इथं समोर बसून आम्हाले उल्लू बनवते, ते तिथून काय खरं सांगन? नाही जायाचं." विषय संपला होता. मला रडू यायला लागलं आणि त्या रडण्यात पश्चात्ताप किती आणि राग किती, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक रागच जास्त होता. आपलंच चुकलेलं असताना येणारा राग फार जोरात येतो.

तेव्हा आई परात बाजूला ठेवून म्हणाली, "मले तं पहिलंच समजलं होतं."

बाबा म्हणाले, "तुले कसं समजलं?"

"ते काड्यांचं ऐकून. घरच्या मानसाले कोनी म्हनते का, तू भात चांगला खाते म्हनून? पाहुन्याले म्हनतेत. एक डाव म्हनलं तं ठीक. रोज म्हनून राहिले तं समजाचं का तू पाहुनाच हाय." ती हे बाबांना सांगत होती, पण बघत कुणाकडेच नव्हती. "मले बी इथं एकोनीस वर्षं झाली. बाया म्हनतेत, किती गोड बोलता."

लिमये बाईंच्या हातातली पिशवी मांडीवर खाली आली. आल्यापासून दोन वेळा त्यांनीही आईला तेच म्हटलं होतं, एकदा दारात आणि एकदा वडी घेताना.

आईनं त्यांना विचारलं, "बाई, तो मानूस आपल्या देशात वापस काहून नाही गेला?"

"चित्रपटात तसं काही सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"पोरगी तिथली होती न त्याची," आई म्हणाली. "तिले ते गाव आपलं वाटे. मंग तो कुठं जाईन?" आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, चहात साखर किती घालू असं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "अन् तिले शाळेची घाई नव्हती, पोरी. मले मालूम हाय."

कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला आई आली होती. तिथून परतताना मैत्रिणी समोरून येताना दिसल्या आणि मी आईच्या पुढे भराभर चालायला लागले, तिनं त्यांच्याशी बोलू नये म्हणून. त्यांना मी सांगितलं होतं की बस चुकेल. तिला काही कळलं नाही अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीवर मी चार वर्षं छान झोपत होते. त्या हॉलमध्ये, आबांच्या आणि बाईंच्या देखत, मला इतकी लाज वाटली की रडणंही थांबलं. तिची माफी मागावी असं मनापासून वाटलं. माफी मी फार उशिरा मागितली आणि तेव्हा ती म्हणाली, कायची माफी, मले याद बी नाही. ते तिचं एकमेव खोटं असावं.

"जाऊ द्या तिले," आई बाबांना म्हणाली. "खोटं बोलली ते जायासाठी बोलली. एक साल पाहुनी होऊन पाहू द्या. आपन सांगून नाही समजत ते." बाबांनी बराच वेळ आबांच्या टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघितलं. मग म्हणाले, "जाय. पण तिथून जे सांगशीन ते खरं सांगजो. आम्हाले बरं वाटावं म्हनून काई बदलू नको." बाई उठल्या, चपला घातल्या, आणि पायरीवर मला म्हणाल्या, "परदेशी जाण्यापूर्वी क्रियापदं पक्की करा. कल्पनाशक्ती पुरे आहे." कधी नाही ते मी त्यांना वाकून नमस्कार केला.

मी गेले. तिथली माणसं वाईट नव्हती, हे सांगायला हवं. फार नीट वागत, रस्ता विचारला तर घरापर्यंत आणून सोडत. फक्त संध्याकाळी खोलीचं दार लावलं की कुणाशी बोलावं असं कुणी नसायचं. पहिल्या रविवारी मी रस्त्यावरच्या फोनपेटीत कार्ड घालून आबांच्या घरी फोन लावला. आबांनी उचलला, जिन्याकडे तोंड करून हाक मारली, आणि मला सोफ्याची चुरचुर ऐकू आली. म्हणजे आई बसली होती, आणि बाबाही कान लावून शेजारी असणार. आईनं विचारलं, "कसं वाटून राहिलं तिथं?" मी आठवडाभर तयार करून ठेवलेलं वाक्य होतं, इथे सगळं छान आहे, काळजी करू नका. ते ओठांपर्यंत आलं. बाहेर आपापल्या वाटेनं निघालेली माणसं, त्यांच्यातलं कुणी माझं नाही, आणि मी बोलले ते मलाच नवं वाटलं, कारण मी तसं लहानपणानंतर कधी बोलले नव्हते.

"आई, मले लय एकटं वाटून राहिलं वं."

पलीकडे सोफा चुरचुरला. मग आई म्हणाली, "वाटनच न बाप्पा. जेवली का तू?"